परत गेलेली पेने : जळगावातल्या एका इटालियन जेवणाचा प्रकरण अभ्यास

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी सासूबाईंची पंचाहत्तरी साजरी करायला आम्ही नऊ जण जळगावातल्या एका लहानशा इटालियन रेस्टॉरंटात जेवायला गेलो. जेवताना पेने या नळीसारख्या पास्त्याची एक प्लेट परत गेली, एक प्लेट बाकीचं जेवण गार झाल्यावर आली आणि शेवटी बिलावरून थोडी कुरबूर झाली. आवाज कोणीच चढवला नाही. रेस्टॉरंटच्या वहीत त्या रात्रीची एकच ओळ आहे : ‘टेबल ४-५-६, पेने सॉफ्ट करून दिली, गेस्ट ओके.’

गेस्ट ओके नव्हते, आणि ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच टेबलावर बसलो होतो. मी अकरा वर्षं हॉटेलांत काढली, आधी फ्लोअरवर आणि मग कॅप्टन म्हणून; आता सर्व्हिसच्या मुलांना शिकवतो. त्या रात्री मात्र मी जावई होतो. सासरच्या कार्यात जावयानं वेटरला शहाणपण शिकवायचं नसतं, म्हणून गप्प बसलो आणि सवयीनं घड्याळ बघत राहिलो. दोन दिवसांनी मालकाला भेटलो. त्यानं स्वयंपाकघर दाखवलं, केओटी म्हणजे किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढून दिल्या आणि नाव छापायचं नाही एवढीच अट घातली. ती मी पाळतो आहे.

जागा आणि मंडळी

रेस्टॉरंट पहिल्या मजल्यावर आहे. नऊ टेबलं, सव्वीस खुर्च्या. विटांची उघडी भिंत, पिवळे दिवे, कोपऱ्यात एका जुन्या स्कूटरचं चित्र आणि खडूनं लिहिलेला काळा फळा. जागा खरोखर उबदार आहे, आणि दोघांसाठी बांधलेली आहे. कॉलेजातली पोरं, नवं लग्न झालेली जोडपी, महिन्यातून एकदा बाहेर पडणारे डॉक्टर नवरा-बायको हे तिचं रोजचं गिऱ्हाईक. मालक इथलाच. जहाजावरच्या किचनमध्ये आणि मग पुण्यात काम करून परत आलेला. स्वतः शेफ. हात चांगला आहे त्याचा, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे बाहेर जेवणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी, सोबत रोटी नाहीतर पाव, आणि रस्सा संपला की ‘रस्सा आण रे’ म्हटलं की आलाच. थंडीत भरीत सेंटरवरून किलोच्या भावानं भरीत आणायचं, नाहीतर शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून पंचवीस-तीस माणसांची पंगत घालायची. यातला एकही प्रकार दोघांनी जाऊन करायचा नाही. गर्दी हाच त्यातला अर्धा स्वाद.

सासूबाईंना सगळे जिजी म्हणतात. यावल तालुक्यातलं घर, शेतात केळी, आयुष्य चुलीपाशी आणि मळ्यात गेलेलं. शेवया स्वतः करायच्या. परवापर्यंत पाटावर करत होत्या. सासरे आबा. मोठा मेहुणा भाऊ, वहिनी, त्यांची पुण्याला शिकणारी मुलगी, तिच्याबरोबर सुटीला आलेली तिची मैत्रीण, माझी बायको, आमचा बारा वर्षांचा मुलगा आणि मी. बेत भाचीचा. ‘जिजीला दरवेळी काय तेच तेच’ असं तिचं म्हणणं. मैत्रिणीचं घर जैन. रात्री जेवायला तिची हरकत नव्हती, पण कांदा, लसूण, बटाटा चालत नव्हता.

बुकिंग करताना नऊ जण आहेत हे सांगितलं होतं. एक पंचाहत्तर वर्षांच्या बाई आहेत आणि एक जैन पान आहे, हे सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. दोष वाटायचा झाला तर पहिला वाटा आमचा.

संध्याकाळ, घड्याळासकट

७:४० ला बसलो. तीन टेबलं जोडली होती. त्यांच्या उंचीत बोटभर फरक होता, त्यामुळे मधली दोन पानं कायम कलती. मेनूकार्ड इंग्रजीत, पदार्थांची नावं इटालियन. आबांनी चष्मा लावून पहिलं पान नीट वाचलं, दुसरं वाचलं, मग कार्ड मिटून नातीकडे दिलं आणि म्हणाले, ‘तूच सांग माय, आमचा पेपर कोरा.’

वेटर वीस-बावीस वर्षांचा, चोपड्याकडचा. नम्र, चटपटीत. तो जिजींशी हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात बोलत होता. जिजींना हिंदी कळतं, पण वेटर बोलला की त्या नातीकडे बघत आणि नात मराठीत सांगे. त्यानं जिजींकडे एक नजर टाकून भाचीला सुचवलं, ‘मॅम के लिए पेने पिंक सॉस, बहुत माइल्ड है.’

त्या रात्रीची पहिली मोठी चूक ही. म्हातारं माणूस म्हणजे फिकं, हा हिशेब बहुतेक ठिकाणी चालून जातो. पण जिजी सकाळच्या भाकरीबरोबर ठेचा खातात. मेनूच्या त्याच पानावर, अकराव्या ओळीत, पेने अराबियाता होती. अराबियाता म्हणजे ‘चिडलेली’ : टोमॅटो, लसूण आणि सुकी लाल मिरची. रोमचा पदार्थ. अख्ख्या कार्डात आमच्या घराला सगळ्यात जवळची ओळ तीच. ‘तिखट चालतं का?’ एवढं विचारलं असतं तर त्या ओळीवर बोट आपोआप गेलं असतं.

८:०५ ला ऑर्डर गेली. चार सूप, दोन गार्लिक ब्रेड, तीन पिझ्झे, जिजींची पेने, मुलासाठी आल्फ्रेडो (क्रीम-चीजच्या सॉसमधला पास्ता), मैत्रिणीसाठी जैन स्पॅगेटी. मैत्रिणीनं विचारलं, ‘चीज व्हेज आहे ना?’ वेटर म्हणाला, ‘हो मॅम, सगळं व्हेजच आहे.’ या उत्तराकडे पुन्हा यायचं आहे.

८:२२ ला सूप आणि ब्रेड. इथवर सगळं छान. आबांना सूप आवडलं; मिनेस्त्रोने म्हणजे भाज्या, कडधान्य आणि पास्त्याचे तुकडे एकत्र शिजवलेलं. ‘आपली वरणफळंच, जरा पातळ केलेली,’ असं वहिनी म्हणाल्या. त्या रात्री मेनूचा इतका नेमका अनुवाद दुसरा झाला नाही, आणि तो करणारी बाई टेबलाच्या आमच्या बाजूला होती.

८:४१ ला दोन पिझ्झे, पेने आणि आल्फ्रेडो आले. तिसरा पिझ्झा आठ मिनिटांनी, कारण ओव्हनमध्ये एका वेळी दोनच मावतात. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास तापमान असतं, पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. इथल्या विजेच्या ओव्हनला सात मिनिटं लागतात. ते चालतं, फक्त नऊ जणांचं टेबल घेताना लक्षात ठेवावं लागतं.

जैन स्पॅगेटीचा पत्ता नव्हता.

आता आमच्या घरातली गोष्ट. पाहुणीचं पान रिकामं असताना कोणी घास उचलत नाही. हा नियम कोणी बोलून दाखवत नाही आणि मोडतही नाही. दोन पिझ्झे समोर, चीज ताणलं जाण्याच्या ऐन वेळी, आणि नऊ माणसं हात मांडीवर ठेवून गप्पा मारताहेत. मैत्रीण बिचारी संकोचानं अर्धी झाली. तिनं तीनदा सांगितलं, ‘तुम्ही सुरू करा ना.’ शेवटी ८:५० ला तीच जिजींना म्हणाली, ‘आजी, वाढदिवस तुमचा आहे, तुम्ही घ्या, मग सगळे घेतील.’ तेव्हा जिजींनी एक पेने चमच्यात घेतली.

आधी ती त्यांनी चमच्यातच नखानं मोडली. मध्ये पांढरा ठिपका दिसला. मग तोंडात घातली, दोनदा चावली आणि म्हणाल्या, ‘व माय, हे त कच्चं हाये.’

भाचीनं हात केला. वेटर आला, ऐकलं आणि म्हणाला, ‘नो मॅम, इट्स अल् दांते.’

‘काय म्हनतो?’ जिजींनी विचारलं.

‘असंच असतं म्हणतोय, जिजी.’

‘असंच असतं त असू द्या.’ आणि प्लेट पुढे सरकवली.

त्या सरकवण्याचा अर्थ वेटरला कळला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. तो प्लेट घेऊन गेला. ९:०२ ला तीच पेने परत आली. आत तिला त्याच सॉसमध्ये पुन्हा शिजवली होती. पिंक सॉसमधलं क्रीम फुटलं होतं, तेल कडेला आलं होतं आणि पेनेची लापशी झाली होती. जिजींनी दोन चमचे खाल्ले. वेटरनं विचारलं, ‘अभी ठीक है मॅम?’

‘चांगलं हाये,’ जिजी म्हणाल्या.

याच दोन शब्दांचं वहीत ‘गेस्ट ओके’ झालं. खानदेशातली म्हातारी बाई अन्नाला दुसऱ्यांदा नाव ठेवत नाही. पहिल्यांदा बोलली तेच खूप. त्यानंतरचं ‘चांगलं हाये’ हे अन्नाबद्दल नसतं. ते समोरच्या पोराला आणखी त्रास नको म्हणून असतं. त्या प्लेटमधला पाऊण भाग पार्सल होऊन घरी आला.

९:०८ ला जैन स्पॅगेटी आली. सत्तावीस मिनिटं उशिरा. सगळ्यांनी थंड, चिवट झालेल्या चीजचे पिझ्झे खाल्ले. आबांनी चिली फ्लेक्सच्या सहा पुड्या रिकाम्या केल्या.

मधेच एकदा जिजींनी नातवाच्या आल्फ्रेडोकडे बघून वेटरला सांगितलं होतं, ‘पोराले थोडा रस्सा आन.’ वेटर म्हणाला, ‘एक्स्ट्रा सॉस नव्वद रुपये होगा मॅम.’ पंचाहत्तर वर्षांत रस्सा विकत मिळतो हे जिजींनी पहिल्यांदा ऐकलं. नंतर आठवडाभर घरात ही गोष्ट हसून सांगितली गेली, पेनेची मात्र कोणी काढली नाही. मला त्यावरून कळलं की टोचलं कुठे होतं.

कच्चं होतं की नव्हतं?

मालक पहिल्या भेटीत ठाम होता. ‘सर, पास्ता बरोबर होता. लोकांना अल् दांते माहीत नाही, मी काय करू?’

अल् दांते म्हणजे दाताला लागेल असं. सुका पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचा. आपला बन्सी गहू त्याच जातीतला. इटलीत १९६७ च्या कायद्यानं सुक्या पास्त्याला ड्यूरमचाच रवा वापरणं बंधनकारक केलं. हा गहू कडक आणि प्रथिनांनी भरलेला, त्यामुळे पास्ता उकळत्या पाण्यात आकार सोडत नाही आणि चावताना थोडा प्रतिकार करतो. तो प्रतिकारच खाणाऱ्याला हवा असतो. मऊ झालेला पास्ता इटालियन माणूस परत पाठवेल.

पण मजा पुढे आहे. पास्ता झाला की नाही हे बघायला तिकडचा स्वयंपाकी काय करतो? एक तुकडा काढतो, मोडतो आणि मध्ये बघतो. पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा. ठिपका मावळत आला की पाण्यातून काढायचा, उरलेलं शिजणं गरम सॉसमध्ये होतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. जिजींनी नखानं पेने मोडली तेव्हा त्यांनी अडाणीपणा केला नव्हता. नेपल्समधल्या कोणत्याही आजीनं केली असती तीच परीक्षा केली होती. शेवयांची खीर करणाऱ्या बाईला शिजलेलं आणि मोडलेलं यातली रेघ कोणी शिकवायला नको.

म्हणून मी मालकाला विचारलं, ‘ठिपका दिसत होता. प्लेटमध्ये येईपर्यंत ठिपका दिसायला हवा का?’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग केओटीवरच्या वेळा आम्ही बसून लावल्या.

बहुतेक रेस्टॉरंटांसारखा इथेही पास्ता ऑर्डरनंतर उकळत नाहीत. दुपारी सत्तर टक्के शिजवायचा, गार करायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि एकेका प्लेटचे भाग करून फ्रीजमध्ये ठेवायचे. ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवून सॉसमध्ये दोन-तीन मिनिटं. पद्धत चुकीची नाही. त्याशिवाय शनिवार निघत नाही. पण उरलेले तीस टक्के त्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत भरून निघायचे असतात. त्या वेळी शेगडीवर एकदम सहा पॅन होते. आमच्या पेनेला मिनिटभरच मिळालं असावं, असं मालक स्वतःच म्हणाला.

त्यात भर पडली टेबलावरच्या नऊ मिनिटांची. शिजलेला स्टार्च गार होताना घट्ट होतो. थंड भात कडक लागतो तसा. ८:४१ ला आलेली पेने ८:५० ला तोंडात गेली. ती नऊ मिनिटं का गेली? जैन पान आलं नव्हतं म्हणून.

म्हणजे माझं मत असं : ती पेने अल् दांते नव्हती. ती अर्धवट होती आणि मग गार झाली. जिजी आपल्या मापानं बरोबर होत्याच, इटालियन मापानंही बऱ्याचशा बरोबर होत्या. ‘अल् दांते’ हा शब्द जेवणाआधी माहिती म्हणून सांगितला तर कामाचा आहे. तक्रार आल्यावर तो ढालीसारखा पुढे केला की त्यामागे किचनची चूक लपते, आणि गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला कळत नाही’ असं न बोलता सांगितलं जातं. मालकाला हे आवडलं नाही. पण त्यानं खोडलंही नाही.

सत्तावीस मिनिटं कुठे गेली

किचनमध्ये टोमॅटोचा एकच मूळ सॉस असतो. सकाळी मोठ्या पातेल्यात होतो, त्यात कांदा-लसूण पडलेलं असतं. पिझ्झ्याला तोच, पिंक सॉसला तोच, अराबियाताला तोच. जैन केओटी आली की टोमॅटो सोलण्यापासून सुरुवात, वेगळा पॅन, वेगळं पाणी. ते काम नव्या पोराकडे गेलं आणि मागे पडलं. जळगावात जैन घरं किती आहेत हे मालकाला मी सांगायची गरज नव्हती. मेनूवर ‘जैन उपलब्ध’ छापलेलं होतंच. किचनमध्ये मात्र ते उपलब्ध नव्हतं, प्रत्येक वेळी नव्यानं घडवावं लागत होतं.

आणि ते चीजचं उत्तर. अस्सल पार्मिजानो रेजानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या द्रव्यानंच विरजतात. त्यामुळे ‘चीज व्हेज आहे ना’ हा प्रश्न भाबडा नाही. इटालियन रेस्टॉरंटात विचारायचा तो अगदी नेमका प्रश्न आहे. या किचनमध्ये भारतात बनलेलं, हिरव्या ठिपक्याचं चीज वापरतात. पाकीट मी पाहिलं. म्हणजे वेटरचं उत्तर खरं निघालं. पण त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं अंदाजानं सांगितलं आणि नशीब चांगलं निघालं. श्रद्धेच्या बाबतीत मी याला बरोबर उत्तर मानत नाही.

त्या मुलाशी मी वेगळा बोललो. विचारलं, ‘तू पेने खाल्लीस कधी?’

‘एकदा. ट्रेनिंगला. दोन घास.’

‘आणि रोज काय जेवतोस इथे?’

‘खिचडी.’

घरी तो अहिराणी बोलतो. मालकानं फ्लोअरवर मराठी बोलायला मनाई केली नव्हती, पण ‘क्लास मेंटेन कर’ असं सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ पोरानं हिंदी-इंग्रजी असा घेतला. मी त्याला म्हटलं, जिजींना तू तुझ्या बोलीत काय सांगितलं असतंस? तो लाजला, मग म्हणाला, ‘हाई थोडं दातले लागस, नरम करी आनू का?’

जिजींची बोली लेवा, याची अहिराणी. पण हे वाक्य त्यांना एका झटक्यात कळलं असतं. ऑर्डर घेतानाच बोलला असता तर पेने सुरुवातीलाच दोन मिनिटं जास्त शिजून आली असती. परत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

रस्सा आणि वांगं

नव्वद रुपयांचा रस्सा हा केवळ विनोद नाही. आपल्याकडे रस्सा मुख्य. भाकरी, रोटी, पाव ही तो उचलायची साधनं. शेवभाजीत शेव नंतर पडते, आधी तर्री बघतात. इटालियन पास्त्यात हे उलटं आहे : पास्ता मुख्य, सॉस त्याला चिकटण्यापुरता. प्लेटच्या तळाशी सॉस उरला तर तिकडे तो जास्त झाला असं समजतात. जिजींना ती प्लेट कंजूष वाटली, शेफला ती नेमकी वाटत होती. हे कोणाला समजावून सांगायचं नसतं, पण वेटरला आतून माहीत असावं लागतं. म्हणजे रस्सा मागितल्यावर तोंडातून पहिला शब्द ‘नव्वद’ निघत नाही. छोटी वाटीभर सॉस आणून ठेवायला किती लागतं? मालकानं हिशेब करून सांगितलं : अठरा रुपये.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती काळ्या फळ्याची. त्या दिवशीचा खास पदार्थ खडूनं लिहिला होता, मेलांझाने आला पार्मिजाना. वांग्याच्या चकत्या तळून, टोमॅटो सॉस आणि चीजचे थर देऊन भाजलेला दक्षिण इटलीचा पदार्थ. जैन मैत्रिणीला तो चालला नसता. बहुबीज म्हणून वांगंही वर्ज्य. पण बाकीच्यांना? टेबलावर यावल तालुक्यातली माणसं बसलेली. बामणोदच्या वांग्यांचा मुलूख. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. आणि फळ्यावर वांगं लिहिलंय हे बाकी कोणाला कळलंच नाही, कारण ते वांगं असं लिहिलेलं नव्हतं. मी वाचलं होतं. मी गप्प बसलो. जावईपणाची त्या रात्रीची सगळ्यात मोठी किंमत ती.

जिजींना ते आवडलं असतं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी नावंच ठेवली असती. पण वांग्यावर त्या अर्धा तास बोलल्या असत्या, मालकाला बाहेर बोलावलं असतं, आणि ती रात्र त्यांची झाली असती.

बिल

हा भाग छोटा आहे. जेवणाचे ४,३६० रुपये, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क ४३६ आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, एकूण ५,०३६. भाऊनं सेवा शुल्क काढायला सांगितलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच हे शुल्क बिलात आपोआप लावू नये असं सांगितलं आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. काउंटरवरच्या मुलानं आधी ‘सिस्टिममध्ये येतं’ सांगितलं, भाऊनं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा उल्लेख केल्यावर सिस्टिममधून गेलं. ४,५७८ भरले. भाऊनं मग त्या वेटरच्या हातात दोनशे रुपये वेगळे ठेवले. पैशांचा प्रश्न नव्हताच. पेने नीट आली असती तर भाऊनं बिल वाचलंही नसतं.

पुढे काय केलं

मालकाबरोबर दोन बैठका झाल्या. काही सुचवलेलं त्यानं घेतलं, काही नाही. जैन सॉस आता शुक्रवारी सकाळी वेगळा करून ठेवतात. सहापेक्षा जास्त माणसांच्या बुकिंगला जैन पान आणि वयस्कर माणसं विचारून लिहितात, आणि जैन केओटी सगळ्यात आधी आत जाते. फळ्यावर इटालियन नावाखाली देवनागरीत पदार्थ काय आहे ते लिहितात. मोठ्या टेबलाला पास्ता एकेका प्लेटऐवजी मोठ्या खोलगट थाळीत मध्ये ठेवायचा, हे त्याला आधी ‘ढाबा’ वाटलं. इटलीतल्या घरांतही रविवारी तसाच वाढतात, असं त्यालाच जहाजावरच्या एका सहकाऱ्याकडून ऐकलेलं आठवलं तेव्हा पटलं. सेवा शुल्क बंद केलं. मुलांच्या जेवणात आठवड्यातून एकदा मेनूतला एक पदार्थ असतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याला सगळ्यात महाग.

भाऊनं एक सुचवलं होतं : काळा मसाला घालून ‘खानदेशी पेने’ करा. मालक नाही म्हणाला, आणि मी मालकाच्या बाजूनं होतो. काळ्या मसाल्याला शेवभाजी आहे. त्या वेळी ‘अराबियाता आहे की’ एवढं सांगता आलं म्हणजे झालं.

एप्रिलमध्ये न सांगता गेलो. तो चोपड्याचा मुलगा नव्हता. सुरतला गेला म्हणे. नव्या पोराला वाक्य पाठ होतं. शेजारच्या टेबलावर एका वयस्कर जोडप्यासमोर पास्ता ठेवून झाल्यावर त्यानं ते म्हटलं, ‘हे थोडं दाताला लागतं, नरम करून आणू का?’ आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. काकूंनी काकांकडे बघितलं. मी मालकाला खूण केली. जैन पान मात्र त्या रात्री सर्वांत आधी आलं, ते मी घड्याळ लावून बघितलं.

फळ्यावर वांगं होतं, आता मराठीत. मी एकट्यानं मागवलं, चांगलं होतं. घरी जाऊन जिजींना सांगितलं की इटलीतही वांग्याचं करतात, थर देऊन, वर चीज घालून. त्या ओट्याशी लसूण सोलत होत्या.

‘जवाईबुवा, वांगं भाजता का तळता?’

‘तळतात.’

जिजींनी पाकळी ताटलीत टाकली.

‘मंग त्याईले वांगं कायले पाह्यजे? भोपळाबी चालला असता.’